ब्रह्मलीन भैयाजी

भैयाजी कुठेही येत नसत, ते अवतरत. ते बोलत नसत; त्यांच्या मुखातून अमृतवाणी स्रवत असे. त्यांना शिंक आली असती, तर तिलाही शंखनादाचा मान मिळाला असता. रायपूरच्या त्या वृत्तवाहिनीचा हा अलिखित नियम होता आणि पडद्याच्या तळाशी धावणारी पट्टी लिहिणाऱ्या शर्मिष्ठेला तो पोटासाठी पाळावा लागे.

आज मात्र तिने त्याचा मोबदला ठरवून घेतला होता. सिलतऱ्याजवळच्या तिच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, पाण्याची भलीमोठी टाकी उभी राहिली होती. तिला जलवाहिनी जोडायचे तेवढे राहून गेले होते. तिची आई मंदाकिनीबाई अजूनही टँकरमागे बादल्या घेऊन धावत होती. वृत्तसंपादक भार्गवने कबूल केले होते, "दिवसभर भक्तिभावाने पट्टी लिही. संध्याकाळी तुझी कोरडी टाकी बातमीत दाखवतो."

त्याच टाकीच्या लोकार्पणाला सत्ताधारी पक्षाचे पुढारी भैयाजी अवतरले आणि कॅमेरे रोखलेले पाहताच मंचावर डोळे मिटून बसले. इकडे भार्गवच्या अंगात आले.

"लिही, भैयाजी ब्रह्मलीन!"

"भैया, साधू-महाराज वारले की ब्रह्मलीन म्हणतात."

"तू मले शब्द शिकवून राहिली का? ब्रह्मात लीन, सीधी बात आहे! ध्यानस्थ तर सगळेच लिहून राहिले."

"पण लोक काय समजतील?"

"टाकी दाखवायची आहे ना तुले?"

शर्मिष्ठेने पट्टीत तीच अक्षरे उमटवली.

सदर बाजारातील दुकानांची शटरे धडाधड खाली आली. विरोधी पक्षाच्या एका पुढाऱ्याने, ज्याने कालच भैयाजींना लुटारू म्हटले होते, गहिवरून त्यांना युगपुरुष ठरवले. दुसऱ्या वाहिनीवरील ज्योतिष्याला तर हा योग महिन्याभरापूर्वीच दिसला होता. तेवढ्यात मंदाकिनीबाईंचा फोन आला.

"काहून वं शर्मी, गेला म्हणतात तो? आत्ता तर इथं मंचावर जांभई देऊन राहिला होता!"

पाठोपाठ भैयाजींचाच फोन भार्गवला आला. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता आणि त्या अमृतवाणीत भार्गवच्या मातुल घराण्याचा सविस्तर उद्धार होता.

फोन ठेवून त्याने कपाळ पुसले. "टाइप तूच केलं. नोकरी गेली तर तुझी जाईल, ध्यानात ठेव."

"शब्द तुमचा होता, भैया."

"आता साधं लिही. अलंकार नको, अवतार नको. लहान पोराला समजेल असं. आणि तुझी ती टाकी विसर. भैयाजी भडकून आहेत."

"संध्याकाळचं कबूल केलं होतं तुम्ही."

"हव, केलं होतं. आता नाही."

एवढे बोलून तो पुन्हा फोनवर क्षमायाचना करू लागला. शर्मिष्ठेने कळफलक पुढे ओढला. मग तिने सांगितल्याप्रमाणेच लिहिले, अगदी साधे. पडद्यावर अक्षरे धावू लागली: भैयाजी जिवंत आहेत. टाकीत पाणी नाही.

भार्गवची नजर वर गेली आणि तो किंचाळला, "काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

शर्मिष्ठेने खांद्याला पर्स अडकवली.

"यातलं खोटं कोणतं आहे तेवढं सांगा, भैया. ते काढते."