फवारणीचा पेशंट

सोयाबीनवर अळी पडली की आमच्या रुग्णालयात फवारणीचे पेशंट सुरू होतात. तोंडाला फडकं बांधायचं नाही, वारा कुठून वाहतोय ते बघायचं नाही, पंप पाठीवर टाकून निघायचं आणि दुपारपर्यंत लाळ गाळत आमच्या खाटेवर येऊन पडायचं. मी दरवर्षी ओरडते आणि दरवर्षी कोणी ऐकत नाही. मेहकर-चिखली पट्ट्यातल्या या छोट्या सरकारी रुग्णालयात आम्ही दोनच डॉक्टर. दुसरे शांत आहेत. माझा आवाज बाहेरच्या पानटपरीपर्यंत जातो असं म्हणतात, तर जाऊ दे.

त्या दिवशी सकाळी ओपीडी नुकतीच सुरू झाली होती. दारात भाजीचा पिकअप येऊन थांबला. मागे कोबीच्या पोत्यांवर एक तरणाबांड मुलगा आडवा होता. बाप गाडी चालवत आला होता, आई मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बापाचं नाव इंद्रभान, आईचं पुष्पाबाई, मुलगा गोपाल. भाजीपाल्याची बागायती शेती, घरचीच गाडी, चार लोकांत नाव असलेलं घर.

"फवारून राह्यला होता मॅडम," इंद्रभान म्हणाला. "सकायीच गेल्ता वावरात. चक्कर येऊन पडला."

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. नाडी मंद. हाक मारली, चिमटा काढला, काही नाही. विषबाधेत हेच दिसतं आणि या मोसमात आमच्या जिल्ह्यातला कुठलाही डॉक्टर पहिल्यांदा हेच म्हणेल. प्रेरणा सिस्टरने मी सांगण्याआधीच त्यावरचं इंजेक्शन भरायला घेतलं होतं. तिचं काही चुकलं नव्हतं, बापाने तोंडाने सांगितलं होतं ना.

पण मला खटकलं. मुलाचं तोंड कोरडं ठणठणीत होतं. फवारणीच्या पेशंटच्या तोंडाला नुसती धार लागलेली असते. याला लाळ नाही, घाम नाही, कपड्यांना औषधाचा उग्र वासही नाही. आणि श्वास इतका सावकाश चालला होता की एक झाला की पुढचा येतो की नाही याची वाट बघावी लागत होती. ओठ निळे पडले होते.

"थांब," मी प्रेरणाला म्हणाले. तोंडावर मास्क बसवून पिशवीने श्वास द्यायला घेतला आणि तिला शर्टाची बाही वर करायला सांगितली. कोपरापाशी सुईच्या खुणा होत्या. त्याच्या खाली, जिथे सुई टोचायचं काही कारण नाही अशा जागी, रुपयाएवढी जखम होती. वर काळी खपली आणि कडेचं मांस सडायला आलेलं.

अशा जखमा मी नव्याने बघत नव्हते. त्याच पावसाळ्यात दोन मुलं ड्रेसिंगला येऊन गेली होती. एक म्हणाला कुंपणाची तार लागली, दुसरा म्हणाला पंपाचा पट्टा घासला. मी जरा खोदून विचारल्यावर दोघांनीही यायचं बंद केलं. कपाशीवर कुठली अळी पडली ते आमच्या तालुक्यात लहान पोरही सांगेल. पोरांच्या हातात काय पडतंय ते विचारलं की सगळे मुके होतात.

"हा काय घेतो?" मी विचारलं.

"काहीच नाही. सुपारीबी खात नाही," इंद्रभान म्हणाला.

"मग ही सुईची भोकं कशाची?"

"काटे असतात ना वावरात."

मला असा संताप आला की हातातली पिशवी त्याच्या अंगावर फेकावीशी वाटली, पण त्याच पिशवीवर त्याचा मुलगा जगत होता. तेव्हा पुष्पाबाई नवऱ्याकडे न बघता हळूच बोलल्या.

"तो पुडी घेते मॅडम. ब्राऊन शुगर का काय म्हन्तात ते. मले माहीत हाय."

इंद्रभानने मान खाली घातली. बायकोला गप्प बस असं तो म्हणाला नाही, हे मात्र खरं.

पुडीचा उतारा आमच्याकडे होता. ऑपरेशनच्या कपाटात भुलीच्या औषधांशेजारी त्याच्या थोड्या कुप्या ठेवलेल्या असतात. प्रेरणा धावत घेऊन आली. पहिलं इंजेक्शन गेलं आणि थोड्या वेळात छाती नीट वरखाली व्हायला लागली. ओठांचा रंग फिरला. पुष्पाबाईंनी हात जोडले. एरवी या इंजेक्शनने माणूस खडबडून उठतो आणि नशा उतरवली म्हणून आपल्यालाच शिव्या घालतो. गोपाल उठला नाही. आणखी दिलं. श्वास चांगला चालला, पण डोळे उघडेनात. नाडी तशीच मंद, रक्तदाब खाली, आणि घरात कोणाला मधुमेह नसताना रक्तातली साखर वाढलेली. काही केल्या ताळमेळ लागेना.

मी व्हरांड्यात जाऊन शौनकला फोन लावला. शौनक माझा नवरा, चिखलीला गुरांचा डॉक्टर. आमच्यात कामाच्या गोष्टी कमीच होतात, कारण दोघांनाही आपलंच काम जास्त अवघड वाटतं. पण बाहेरगावी पुड्यांमध्ये जनावरांच्या गुंगीचं औषध मिसळल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या आणि ती काळी जखम डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "नीरजा, हे आम्ही बैलाला देतो ते वाटतंय. जखम शिवायची असली की टोचतो. जनावर उभ्या उभ्या मान टाकतं."

"मग त्याचा उतारा सांग."

"जनावराचा आहे, माणसाला द्यायचा नाही. तुझ्या इंजेक्शनने पुडी उतरली असेल, हे उतरणार नाही. वाट बघावी लागेल."

"किती वेळ?"

"उतरेपर्यंत."

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात त्याने इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी उत्तर कधी दिलं नव्हतं. मी फोन ठेवून आत आले. गोपालला कुशीवर वळवलं, अंगावर ब्लँकेट घातलं, ऑक्सिजन लावला आणि प्रेरणाला बजावलं की याचा श्वास मोजत राहायचं, शुद्धीची घाई करायची नाही.

मग मी इंद्रभानला समोर उभं केलं. "नीट ऐका. पुडीत जनावराचं औषध मिसळलंय. श्वास चालू आहे तोवर हा वाचेल. पण याच पुडीतलं आणखी कोणी घेतलं असेल तर त्याचाही श्वास असाच थांबत आला असेल. बसलेला असो, चालता असो, झोपलेला असो, आत्ता घेऊन या. पोलिसांचं मी बघते. याच्याबरोबर कोण होतं?"

"कोनी नव्हतं," इंद्रभान म्हणाला. "एकटाच होता."

मी पेशंटकडे वळले. मागून तो म्हणाला, "मी जरा घरी जाऊन येतो." बायकोने विचारलं, आत्ता काय काम हाय घरी? तो दाराकडे निघाला, तेवढ्यात समोरून उत्तमराव आले.

उत्तमराव म्हणजे त्यांचे होणारे व्याही. इंद्रभानच्या छायाचं साक्षगंध उत्तमरावांच्या राजकुमारशी झालं होतं. लग्न दिवाळीनंतरचं. फवारणीने पोरगं पडलं असं गावात कळलं तसे ते मोटरसायकल काढून आले होते. धोतर, पांढरा सदरा, हातात चहाचा थर्मास. त्यांनी इंद्रभानचा हात धरला.

"कुठी चालले व्याही? बसा. मी हाय ना."

इंद्रभान क्षणभर दारात उभा राहिला. मग बसला. उत्तमरावांनी त्याला थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला आणि तो त्याने घेतला. मला बरं वाटलं होतं, की चला, या माणसाजवळ कोणीतरी आहे.

उत्तमराव बोलके होते. थांबून थांबून ते मला सांगत राहिले, की फवारणीत फार जपायला पाहिजे, हल्लीची औषधं जहाल. "आमच्या राजकुमारले तर मी पंपाले हातच लावू देत नाही मॅडम. एकुलता एक हाय. चिखलीले गेला माल घेऊन. मघापासून फोन लावून राह्यलो, उचलत नाही. बाजारात गलका असन. नाहीतर आला असता, गोपालवर लय जीव त्याचा."

इंद्रभान उठून व्हरांड्यात गेला. मी काचेतून बघितलं, तो कोणालातरी फोन लावत होता, कानाला धरत होता, बंद करून पुन्हा लावत होता. मला वाटलं भावकीला कळवत असेल. आत आला तेव्हा उत्तमरावांनी सरकून त्याला पुन्हा शेजारी जागा केली.

आमचं काम म्हणजे वाट बघणं. ते मला सगळ्यात वाईट जमतं. श्वास मंद झाला की पिशवी, सुधारला की पुन्हा बाजूला बसणं. पुष्पाबाई मुलाचा तळवा चोळत होत्या. "वाचन का मॅडम?" त्या विचारायच्या आणि मी म्हणायचे, श्वास घेतोय. मला भीती वाटत होती. पेशंटपेक्षा मला त्या बाईची भीती वाटत होती, कारण तिने खरं सांगितलं होतं आणि त्याची लाज राखणं आता माझ्यावर होतं.

दुपार कलायला लागली तेव्हा गोपालने डोळे उघडले. अंग थरथरत होतं. उलटी केली, तोंड पुसून घेतलं, आईकडे बघितलं. पुष्पाबाई रडायला लागल्या. उत्तमराव खाटेच्या पायथ्याशी येऊन "अरे वा, उठले बे साहेब," म्हणाले.

गोपालने त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "राजू उठला का?"

"कोन राजू?"

"राजकुमार. मी घेतलं तवा त्यानंबी घेतलं. आपल्या विहिरीवरच्या खोलीत."

उत्तमराव हळूहळू इंद्रभानकडे वळले.

"झोपला होता," इंद्रभान म्हणाला. "चांगला घोरत होता भाऊ. याचं त्वांड निळं झाल्तं म्हनून याले उचललं. त्याले मस्त झोप लागली होती. मी अंगावर चादर टाकली. कडी लावली बाहेरून, कोनी पाहू नये म्हनून."

घोरत होता. गुंगीतल्या माणसाचा गळा मिटत आला की तो तसाच घोरतो, आणि घरचे म्हणतात, चला, गाढ झोपला. मी इंजेक्शन भरून घेतलं, श्वासाची पिशवी उचलली. दुसऱ्या डॉक्टरांना हाका मारून गोपालला त्यांच्या ताब्यात दिलं. रुग्णवाहिका बुलढाण्याला गेलेली होती, म्हणून आम्ही त्याच पिकअपमधून निघालो. इंद्रभान चालवत होता, मधे मी, कडेला उत्तमराव. मी त्याला वेगाने चालव म्हणून ओरडले. एरवी माझ्या ओरडण्याने माणसं दचकतात. त्याने फक्त गाडी पळवली.

खोलीत अंधार होता. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज चालू होता, पाणी कोबीला चाललं होतं. राजकुमार उताणा पडला होता. चादर गळ्यापर्यंत ओढून पायांखाली नीट खोचलेली, लेकराला पांघरूण घालावं तशी. मी गळ्याला हात लावला. कातडी थंड होती, जबडा ताठरला होता.

"द्या ना मॅडम ते इंजेक्शन," उत्तमराव म्हणाले. "गोपालले देल्लं ते. द्या ना."

सुई माझ्या हातातच होती. "आता उपयोग नाही काका," मी म्हणाले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

उत्तमराव जमिनीवर बसले. चादर खोचलेली काढून त्यांनी मुलाचे पाय बाहेर घेतले आणि चोळायला लागले. बऱ्याच वेळाने, मागे न बघता त्यांनी विचारलं, "सकायपासून माह्या बाजूले बसले होते व्याही. मले काऊन नाही सांगतलं?"

इंद्रभान उंबऱ्यातच उभा होता.

"सोयरीक मोडली असती भाऊ," तो म्हणाला. "छायाचं लगन मोडलं असतं."

उत्तमराव पाय चोळत राहिले.