वरची वायर, खालची वायर

माझ्या कॉम्प्युटरला दोन वायरी येतात. एक वरून, खिडकीतून लोंबत येते. ती थोरल्याची. दुसरी खालून, दाराच्या फटीतून आत शिरते. ती धाकट्याची. थोरला माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतो, धाकटा पायाखालच्या, आणि मध्ये मी. लोक म्हणतात, काय नशीबवान बाई, दोन्ही मुलं हाकेच्या अंतरावर! आहेत ना, पण एकमेकांना हाक मारत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील गेले तेव्हा आईने कुणाकडे राहायचं यावरून जी जुंपली, तेव्हापासून अबोला आहे. माझ्यावर दोघांचा जीव, म्हणून माझे हे हाल.

निरोप मी पोचवायचे. "आई, त्याला सांग, जिन्यात सायकल लावू नकोस." "आई, वरच्याला सांग, जिना त्याच्या एकट्याचा नाही." जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि म्हातारपणी नोकरी लागली ती निरोप्याची, तीही बिनपगारी! दोघांनी मला दोन वेगवेगळे मोबाइल आणले तेव्हा मी सरळ हात जोडले आणि माझा बटणांचा डबडा फोनच बरा म्हटलं.

आधी इंटरनेट थोरल्याचं एकट्याचं होतं. ते धाकट्याच्या डोळ्यात खुपत होतं. गेल्या आठवड्यात तो दुकानदाराला घेऊन आला, कॉम्प्युटरचं पोट उघडलं आणि आत त्याची वायर जोडायला दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं. "आता तुला त्याच्या उपकारात राहायला नको," म्हणाला. मी म्हटलं, बरं बाबा. त्या दिवसापासून नेट कधी लागतं, कधी लागत नाही. दोन्ही वायरींच्या तोंडाशी हिरवे दिवे लुकलुकतात आणि पडद्यावर येतं, इंटरनेट नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण आज अकरा वाजता माझ्या खोलीचा निकाल लागायचा होता. माझी कॉलेजातली मैत्रीण दूरच्या एका गावात घर घेऊन राहते. घरात चार बायका, प्रत्येकीची आपली खोली, स्वयंपाकघर एक. त्यांच्यातली एक लेकीकडे गेली कायमची, तिची खोली रिकामी झाली. उरलेल्या तिघी ठरवणार, कुणाला घ्यायचं ते. फोनवर नाही, तोंड बघून, चार प्रश्न विचारून. माझ्यानंतर लगेच आणखी एका बाईचा नंबर होता. मुलांना मी यातलं अवाक्षर बोलले नव्हते. मला ती खोली हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती.

पावणेअकराला बघते तर इंटरनेट नाही. कंपनीला फोन लावला. तिथला पोरगेला आवाज म्हणाला, "मॅडम, एक वायर काढून बघा." अरे, हे मला कळत नव्हतं का? पण वायर काढली की ज्याची त्याच्या मोबाइलवर वर्दी जाते. तरी जीव मुठीत धरून मी खालची काढली. धाकटा दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला. "आई, माझीच का काढलीस?" त्याने खुपसली परत. त्याची पाठ वळते न वळते तोच मी वरची काढली. तर थोरला कानाला हेडफोन तसाच, ऑफिसची मीटिंग टाकून खाली हजर. त्यानेही आपली खुपसली परत.

झालं. दोघंही माझ्या खोलीत, खांद्याला खांदा लागेल एवढ्या अंतरावर.

"आई, त्याला सांग, त्याचं कार्ड घातल्यापासून हे सुरू झालंय."

"आई, त्याला सांग, नवीन कार्डात काही खोट नाही. जुनंच कुजलंय."

"अरे, तो समोर उभा आहे, बहिरा नाही!" मी ओरडले. "अकरा वाजता माझं बोलणं आहे. मला काय ते चालू करून द्या आणि चालते व्हा."

थोरला खुर्चीत बसला, धाकटा त्याच्या मागे वाकला. बराच वेळ नुसती टकटक चालली होती. कॉम्प्युटरने आधी कुठली वायर धरायची, त्यात थोरल्याने आपल्या कार्डाला पहिला नंबर देऊन ठेवला होता. मग धाकट्याने कधीतरी गुपचूप येऊन तो नंबर आपल्या कार्डाला दिला होता. हे दोघांनाही एकाच वेळी कळलं आणि दोघंही छताकडे बघायला लागले. मग थोरल्याने भुवया आवळल्या. खाकरला. आणि मला मध्ये न घेता, सरळ विचारलं,

"तुझ्या राउटरच्या डब्याचा पत्ता काय आहे?"

मला नाही, धाकट्याला विचारलं!

धाकट्याने मोबाइलवर बघून आकडे वाचले. थोरल्याने आपले वाचले. एकूण एक आकडा तोच.

"तू तोच डबा घेतलास?"

"मला काय माहीत तू कुठला घेतलायस! विचारणार कुणाला?"

मला त्यांनी समजावून सांगितलं ते असं: इंटरनेटच्या प्रत्येक डब्याला पत्ता असतो. ह्या दोघांनी एकाच कंपनीचा डबा आणला, पत्ता होता तसाच ठेवला. कॉम्प्युटरला दोन्ही वायरींच्या टोकाला एकच पत्ता दिसतोय. बिचाऱ्याला कळेना, कुणाच्या दारात जायचं. मी म्हटलं, मला सांगू नका, मला त्याचं दुःख ठाऊक आहे.

धाकटा आधी हसला. मग थोरला. लहानपणी एका पांघरुणात हसायचे, तसंच. आणि मग सुरू झालं नवीनच.

"मी बदलतो माझा पत्ता, दादा."

"नको, नको, मी बदलतो. तुझं तसंच राहू दे."

"अरे, तुझं ऑफिसचं काम आहे."

"असू दे रे. पहिला नंबरही तुझ्याच कार्डाला देऊ."

"छे छे, तू मोठा."

अकरा वाजून गेले होते. भांडत होते तेव्हा नेट नव्हतं आणि गळ्यात गळे घातले तेव्हाही नव्हतं. माझा पारा चढला. मी टेबलामागे हात घातला आणि हाताला लागली ती वायर खस्सकन उपटली. कुणाची ते बघितलंही नाही.

पडद्यावर मैत्रीण उगवली. शेजारी आणखी दोघी, एक जाड चष्म्याची, एक विणकाम करणारी.

"अगं, होतीस कुठे? आम्हाला वाटलं तुझा विचार बदलला."

"बोल तू," म्हणत मी हाताने मुलांना बाहेर जायची खूण केली. हलतील तर शपथ! जणू आपणच केलेली दुरुस्ती बघत दोघं कौतुकाने मागे उभे.

चष्मेवाल्या बाईंनी थेट विचारलं, "दोन मुलं जवळ आहेत म्हणता. मग आमच्याकडे खोली कशाला हवी?"

मुलं मागेच उभी होती, ऐकत. पण आता झाकून काय ठेवणार?

"मुलं चांगली आहेत हो," मी म्हटलं. "दोघंही जीव लावतात. पण मी इथे आहे म्हणून त्यांना एकमेकांशी बोलायची गरज पडत नाही. आणि मी थकले."

तिघी एकमेकींकडे बघून काहीतरी कुजबुजल्या. विणकामवाली म्हणाली, "या तुम्ही."

मागे धाकट्याचा आवाज आला, घाबराघुबरा. "दादा, ही एकटी कशी राहील?"

"नाही राहणार. आपण जाऊच द्यायचं नाही."

"अजिबात नाही."

"तू हिला समजाव, मी त्या बाईंशी बोलतो."

दोन वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं, आणि तेही माझ्याविरुद्ध! मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. दादा काय, आपण काय! हे कानावर पडावं म्हणून मी काय नाही केलं? क्षणभर वाटलं, राहावं की आता. सगळं मार्गी लागलंच आहे. पण मी आई आहे त्यांची, ओळखते दोघांना. मी राहिले, की चार दिवसांत जिन्यातल्या सायकलीवरून पुन्हा माझ्याच दारात येतील. गेले, तर मला परत आणायला तरी एका गाडीत बसून येतील. रस्ता लांबचा आहे. एवढा वेळ गप्प बसणं त्यांना जमायचं नाही.

"काय गं, रडतेस की काय?" मैत्रिणीने विचारलं. "येतेस ना?"

"येते," मी म्हटलं. "आणि मुलं न्यायला आली ना, तर पहिल्या खेपेला मी काही परत जायची नाही. त्यांना परत परत येऊ दे."