मूग न उगवलेली कुंडी

मांजरी गावात जयसिंगच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाटावर दोन कुंड्या, त्यांच्यावर लाल फडकी, आणि मागे डोळे मिटलेले उत्तरेश्वर महाराज. पाच दिवसांपूर्वी महाराजांनी स्वतः दोन्ही कुंड्यांत जयसिंगच्याच शेतातली माती भरली होती. एकीत सासू सोजरबाईंनी मूग पेरले, दुसरीत सून नम्रताने.

महाराजांनी फडकी उडवली. सोजरबाईंची कुंडी हिरवीगार, नम्रताची कोरी. लोकांनी हात जोडले.

"या हातांत कोंब गिळणारी सावली आहे!" महाराज गरजले. "आज बीज जळलं, उद्या वंश जळेल. सूर्यास्तापूर्वी हिला माहेरी धाडा. मूल इथेच राहील."

सोजरबाईंनी नम्रताच्या कडेवरची दहा महिन्यांची पोर ओढून घेतली. पोर किंचाळू लागली. नम्रताचा नवरा जयसिंग मान खाली घालून उभा राहिला.

पेरणीची पहिली मूठ सुनेने टाकायची, ही या घराची रीत. नम्रताने दोन वर्षं मूठ टाकली आणि दोन्ही वर्षं ओढ्याकडच्या तुकड्यात हरभरा जेमतेम उगवला, तोही पिवळा आणि खुरटा. महाराजांना एवढं भांडवल पुरेसं होतं.

मी शेजारच्या सोसायटीत राहते आणि नम्रताकडून दूध घेते. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी एकतीस वर्षं गेली. मला त्या कुंडीत सावली काही दिसेना, पण कडेला पांढरी पापडी दिसली. चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट!

"महाराज, ही माती शेताच्या कुठल्या कोपऱ्यातली?"

"देवाला कोपरे नसतात, बाई."

"शेताला असतात."

कोणीतरी फिसकन हसलं. मी जयसिंगकडे वळले. "मला चार दिवस द्या. ही कोरी कुंडी मी पुन्हा पेरून दाखवते."

"चार दिवसांत या घरात प्रेत पडेल!" महाराज ओरडले.

"पडलं तर माझंच पडंल," म्हातारे दत्तोबा म्हणाले. ते जयसिंगचे चुलत आजोबा, गावात त्यांच्या शब्दाला मान. "माझं वय झालंय. द्या तिला चार दिस."

सगळ्यांसमोर मी कोऱ्या कुंडीतली माती दोन कुंड्यांत वाटली. एकीत दहा वेळा पाणी भरलं आणि बुडाच्या भोकातून निथळू दिलं. दुसरी तशीच ठेवली. एकाच डब्यातले मूग काढले. धुतलेल्या मातीत नम्रताने पेरले, न धुतलेल्या मातीत सोजरबाईंनी. कुंड्या मारुतीच्या देवळात ठेवल्या. किल्ली दत्तोबांच्या कनवटीला, पाणी घालणारेही तेच.

खरं सांगते, त्या चार दिवसांत मला घास गोड लागला नाही. प्रयोग फसला तर माझं काय जाणार होतं? त्या मुलीचं लेकरू जाणार होतं.

चौथ्या दिवशी दार उघडलं. नम्रताच्या कुंडीत निम्म्याहून जास्त मूग वर आले होते. सोजरबाईंची कुंडी कोरी.

सोजरबाईंनी विचारलं, "म्हंजी आता मी घर सोडायचं का?"

"सुनेचा दोष सासूला लागला," महाराजांनी सुरुवात केली.

"ही माती कुणी खांदली?" दत्तोबांनी विचारलं.

जयसिंगने प्रथमच तोंड उघडलं. "म्हाराजांनीच. आईची वरच्या बांधाकडनं, हिची ओढ्याकडनं. घमेलं मी धरलं हुतं."

महाराजांनी कमंडलू उचलला आणि गर्दीतून वाट काढली. कोणी पाया पडलं नाही.

मी समजावून सांगितलं. उसाला वर्षानुवर्षं वाटेल तसं पाणी सोडलं, ते सखल ओढ्याकडे साचलं, सुकलं आणि क्षार मागे राहिले. खारट मातीत ओल असली तरी बियाला ती ओढून घेता येत नाही. बी फुगत नाही. उगवलंच तर मूळ खुजं राहतं, पान करपतं. कडधान्यांना हा त्रास फार लवकर होतो. चर खणा, पाण्याचा निचरा करा, उसाला पाणी बेताने द्या.

सोजरबाईंनी पोर नम्रतापुढे धरली. नम्रताने ती छातीशी घट्ट धरली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, माझे मूग उगवले नसते तर?"

वाचकहो, या प्रश्नाचं उत्तर आपल्याला द्यायचं आहे. शेतात पीक आलं नाही तर माती तपासायला न्या. घरातल्या बाईची परीक्षा घेऊ नका.