पोलादाचा विसावा

रिंगेचा रंग पाहून ताई भट्टीचं तापमान सांगायची, आणि सांगताना तिचं नाक थोडं वर जायचं. जायलाच हवं, भट्टी तिनं स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. पण मागच्या खेपेच्या बेअरिंगच्या रिंगा गिऱ्हाइकाच्या गोदामात पडल्या पडल्या केसभर फुगल्या आणि सगळ्या परत आल्या. आता ही खेप फुगली, तर बेअरिंगचं काम कायमचं हातचं जाणार होतं.

धातुशास्त्र शिकून आलेल्या धाकट्या बहिणीनं सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा दाखवला. काळ्या सुयांच्या गर्दीत पांढरे ठिपके होते. तापलेली रिंग तेलात विझवताना तेवढं पोलाद बदलून कडक व्हायचं राहून गेलं होतं, आणि ते मागाहून सवडीनं बदलत रिंग फुगवत होतं. त्यावर उपाय द्रव नायट्रोजनच्या थंडीचा, राहिलेला बदल ती तिथल्या तिथे पुरा करते. ताईला तो पटला. घोडं अडलं ते विसाव्यापाशी. विझवलेल्या रिंगा रात्रभर तशाच राहू द्यायच्या, याला ती विसावा म्हणे.

"ताई, तोच विसावा नडतो," धाकटी म्हणाली. "पांढरं एकदा मुरलं की थंडीलाही दाद देत नाही."

झालं, रिंगांपाठोपाठ ताईही फुगून बसली. शेवटी ठरलं, आधी थोड्याच रिंगांवर करून बघायचं. थंडी सगळ्यांनाच द्यायची, पण निम्म्या रिंगा विसाव्यानंतर आणि निम्म्या लगेच. धाकटीनं आपल्या रिंगा निवताक्षणी नायट्रोजनच्या टाकीत उतरवल्या, त्याही बेताबेतानं, नाहीतर तडे जातात. मग ठिसूळपणा जावा म्हणून सगळ्याच मंद आचेवर ठेवल्या.

फुगायच्या असतील तर लवकर फुगाव्यात म्हणून त्यांनी रिंगा बरेच दिवस गरम तेलात ठेवल्या. मापं ताईनंच घेतली. तिच्या रिंगा किंचित वाढल्या होत्या. धाकटीच्या जशाच्या तशा. तिनं पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण धाकटीच्या कौतुकानं ऊर असा भरून आला की वाईट वाटायला जागाच उरली नाही.

गिऱ्हाइकाचा साहेब आला. या खेपेची तरी हमी देता का, असं त्यानं सवयीनं ताईलाच विचारलं. तिनं दोन रिंगा त्याच्यापुढे ठेवल्या.

"ही माझी, ही वाढली. ही माझ्या बहिणीची, ही हलली नाही. हमी तिची घ्या. इथं आता तिचा शब्द चालतो."

साहेबानं खुर्ची धाकटीकडे वळवली, आणि ताई निवांत मनानं भट्टी पेटवायला गेली.