मातीने न घेतलेली पोलिक्सेनी

"मावशी, तुम्ही जरा बाजूला व्हा," पानोस खड्ड्यातूनच म्हणाला. त्याने कुदळ खाली टाकली होती.

एवान्थिया हलली नाही. गेली पंचवीस वर्षं ती या दफनभूमीत झाडलोट करत होती, थडग्यांवरचे दिवे लावत होती. गावच्या रीतीप्रमाणे पाच वर्षं झाली की मेलेल्याला वर काढायचं, हाडं वाइनने धुवायची, पेटीत घालून अस्थिघरात ठेवायची, हे तिच्या हातांना कणीक मळण्याइतकं सवयीचं होतं. तिने वाकून पाहिलं.

आत हाडं नव्हती. पोलिक्सेनी होती. कातडी काळवंडून चामड्यासारखी झालेली, पण चेहरा चेहराच होता. तोंड किंचित उघडं, बोलता बोलता कुणी थांबावं तसं.

"मातीने घेतलं नाही हिला." पानोसने छातीवर क्रूसाची खूण केली. "कुणाची तरी हाय लागलीय."

"जमीन चिकणमातीची आहे. होतं असं कधी कधी," पाद्री ग्रिगोरिस म्हणाले. त्यांनी प्रार्थना म्हटली आणि खड्डा पुन्हा बुजवायला लावला. पण त्यांची नजर एवान्थियावर रेंगाळली. पोलिक्सेनी तिची धाकटी बहीण. ती मरेपर्यंत दोघी बावीस वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

शाप मात्र कुणालाच ठाऊक नव्हता.

एवान्थियाची चार वर्षांची मुलगी लेनिओ अंगणातल्या पाण्याच्या हौदात बुडाली, त्या दिवशी पोरीपाशी पोलिक्सेनी होती. शवपेटी घराबाहेर पडण्याआधी एवान्थियाने बहिणीला स्वयंपाकघरात गाठलं, तिचा दंड धरला आणि म्हणाली, "तू मरशील तेव्हा माती तुला पोटात घेणार नाही." पोलिक्सेनीने उत्तर दिलं नाही. मरेपर्यंत दिलं नाही.

त्या संध्याकाळी एवान्थिया नेहमीसारखी दिवे लावायला गेली. वाऱ्याची झुळूकही नव्हती. ओळीतल्या सगळ्या ज्योती सरळ होत्या. पोलिक्सेनीची तेवढी झुकलेली, एवान्थियाच्या बाजूला. ती थडग्याच्या दुसऱ्या अंगाला गेली. ज्योत वळली.

तिसऱ्या संध्याकाळी जमिनीतून हाक आली.

"ताई."

आवाज रागाचा नव्हता. शेजारच्या खोलीतून कुणी मीठ मागावं, तितका साधा होता. म्हणूनच तिला तिथे थांबवेना. तेलाची बाटली तिथेच टाकून ती तडक चर्चमध्ये गेली. पाद्रीबाबा सांजप्रार्थना आटोपून एकटेच मेणबत्त्या विझवत होते.

"बाबा, मी तिला शाप दिलाय."

"वाटलंच होतं मला. प्रार्थनेतल्या 'जशी आम्ही क्षमा करतो' या ओळीला तुझे ओठ मिटतात. कित्येक वर्षं बघतोय." त्यांनी तिला बाकावर बसवलं. "तिला माफ कर. सुटेल ती."

"माफ करायला तिने काही केलंच नाही, बाबा."

पाद्रीबाबा तिच्याशेजारी बसले.

"हौदाचं झाकण मी काढलं होतं. सकाळी, बादलीभर पाण्यासाठी. परत लावलं नाही. तिने बघितलं होतं मला." एवान्थिया आपल्या हातांकडे बघत होती. "माझ्या नवऱ्याला नाही, पोलिसांना नाही, कुणाला बोलली नाही ती. गावाने तिला काय काय म्हटलं, आणि मी म्हणू दिलं."

पाद्रीबाबांनी, पापाची कबुली देणाऱ्यावर पसरतात तसा, आपल्या गळ्यातला नक्षीचा पट्टा तिच्या डोक्यावर पसरला.

"म्हणजे माफी द्यायची नाहीये तुला. मागायचीय."

"मेलेल्या माणसाकडे?"

"तिच्याकडे माग. पण आधी याच्याकडे." त्यांनी ख्रिस्ताच्या तसबिरीकडे बोट केलं.

त्या तसबिरीवरची धूळ तिने हजारदा पुसली होती. आज पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी पुरतं ओळखतंय, त्या झाकणासकट, आणि तरी दाराबाहेर काढत नाहीये. तिने कपाळ फरशीला टेकलं. किती वेळ, ते तिला कळलं नाही. उठली तेव्हा अंगात उपासानंतरची हलकी, स्वच्छ भूक होती.

घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं. थोडोरिस ऐकून बाहेर गेला, ऑलिव्हच्या झाडाखाली बसून राहिला. अंधार पडल्यावर आत आला.

"वाढ," एवढंच म्हणाला.

रविवारी चर्चमध्ये सगळ्या गावासमोर ती प्रसादाच्या रांगेत उभी राहिली. पाद्रीबाबांनी चमच्याने वाइनमध्ये भिजलेली भाकर तिच्या तोंडात घातली. पोर गेल्यापासून हा प्रसाद तिने पहिल्यांदाच घेतला. आता रोज संध्याकाळी दिवे लावून झाले की ती बहिणीपाशी बसून प्रार्थना म्हणे, सगळ्या ओळींसकट. हाक पुन्हा आली नाही. कधी कधी ती कान देऊन वाट बघे.

दोन वर्षांनी थडगं परत उघडलं. हाडं निघाली, मधासारखी पिवळी, कोरडी.

"पाऊस चांगला झाला दोन्ही वर्षं," पाद्रीबाबा म्हणाले.

"झाला," एवान्थिया म्हणाली.

जमिनीवर बसून तिने कवटी मांडीवर घेतली आणि वाइनने धुवायला लागली. कपाळ, मग डोळ्यांच्या खोबणी, सावकाश, बोटांनी. तिचे ओठ हलत होते.

"मावशी, पेटी आणलीय," पानोस म्हणाला.

"थांब जरा. आम्ही बोलतोय."

पानोस पेटी छातीशी धरून उन्हात उभा राहिला.