कापोत्वे कोचची मापकाठी

मी मापकाठी बोलतेय! नाव ऐकून नाक मुरडू नका. लुआंश्या गावच्या तांब्याच्या खाणीमागे जे लाल मातीचं मैदान आहे ना, तिथे माझ्यापुढे भलेभले मान खाली घालतात. आणि तीही खरोखरची.

जन्माने मी निलगिरीची फांदी. मैदानाच्या कडेला धूळ खात आणि चेंडूचे फटके सोसत वाढत होते. एके सकाळी पोरांना फुटबॉल शिकवणारे कोच बा कापोत्वे (इकडे मोठ्या माणसाला मानाने 'बा' म्हणतात) कोयता घेऊन आले आणि मला खालून वरपर्यंत निरखू लागले. मी म्हटलं, झालं, आता चुलीत! पण त्यांनी मला छाटलं, सोललं, हात फिरेल इतकं गुळगुळीत केलं. वरच्या टोकाजवळ सायकलच्या ट्यूबच्या रबराने एक आडवी पट्टी बांधली. पोराने या पट्टीखाली उभं राहायचं. डोकं टेकलं नाही तर तो लहान, खेळू दे. डोक्याने पट्टी हलली तर तो मोठा, बाहेर!

माझी गरज का पडली, तीही एक गंमतच आहे. आदल्या हंगामात लहान मुलांच्या स्पर्धेत समोरच्या टीमचा एक गडी बैलासारखा धावत सुटला होता. बा कापोत्वेंनी त्याला जवळून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्याच सकाळी त्यांनी त्याची दाढी केली होती! बा कापोत्वेंचं बाजारात केस कापायचं दुकान आहे, त्यामुळे कोणाच्या गालावर काय उगवतं हे त्यांना पक्कं ठाऊक. अर्ध्या पोरांपाशी जन्माचा दाखला नाही, ज्यांच्यापाशी आहे त्यावर कोणाचा विश्वास नाही. मग सगळे कोच आंब्याखाली जमले आणि ठरलं, वय देवाला ठाऊक, उंची आपण मापू.

काठी सांभाळायची कोणी, यावर मात्र वाद झाला नाही. सगळ्यांनी बा कापोत्वेंकडे बोट दाखवलं. माणूसच तसा. शाळा सुटायची वेळ झाली की दुकानातला आरसा भिंतीकडे फिरवतात आणि मैदानाकडे धूम ठोकतात. कधी गिऱ्हाइकाचं अर्धंच डोकं झालेलं असतं. ते बिचारं टोपी घालून मैदानाच्या कडेला बसून राहतं आणि मग स्वतःच ओरडायला लागतं, "अरे पास दे, पास!" पगार म्हणाल तर शून्य. मिळाल्याच तर मूठभर भाजलेल्या शेंगा. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, पण या भाकऱ्या भाजताना त्यांचा चेहरा जसा उजळतो तसा पैसे घेताना कधी उजळलेला मी पाहिला नाही.

इथे उभं राहून मी माणसं खूप पाहिली. एरवी जो तो मोठा दिसायला धडपडतो, टाचा उंचावतो, छाती फुगवतो. माझ्याखाली आला की मात्र लहान व्हायची कोण घाई! पोरं गुडघे वाकवतात, म्हणून चड्डी गुडघ्याच्या वर गुंडाळायचा नियम करावा लागला. टाचेखालची माती पायाने उकरतात, म्हणून फरशी आणावी लागली. दिवसभर ओझं वाहिलं की माणूस संध्याकाळी नखभर आखूड होतो, असं कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून सामन्याच्या दिवशी आया पोरांच्या डोक्यावर सकाळपासून पाण्याचे हंडे देतात. एकीने तर आठवडाभर लेकाच्या ताटात न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळाच अर्धा केला होता. बा कापोत्वेंनी तिला फैलावर घेतलं.

आता फायनलचं ऐका. अजून आठवलं तरी माझी पट्टी थरथरते!

बा कापोत्वेंच्या टीमचा हुकमी एक्का होता मुताले. डावा पाय असा की चेंडू त्याचं ऐकायचा, बाकी कोणाचं नाही. त्याची आई, म्हणजे बाना मुताले, तिकडे सोल्वेझीच्या खाणीवर कामगारांचं जेवण रांधते. तीन वर्षं तिला घरी येता आलं नव्हतं. पोरगा मावशीकडे राहायचा आणि फोनवर आईला प्रत्येक गोल दोनदोनदा सांगायचा. फायनलला ती येणार होती. त्याला पहिल्यांदा खेळताना बघणार होती. आणि नेमका त्या हंगामात पोरगा पावसातल्या मक्यासारखा वाढत सुटला! सेमीफायनलला तो माझ्याखालून गेला तेव्हा मध्ये फक्त त्याचे केस होते.

फायनलच्या सकाळी बा कापोत्वेंनी त्याला दुकानात बसवला आणि डोकं तुळतुळीत केलं. मुतालेला आपल्या केसांचा भारी तोरा, पण त्याने चूं केलं नाही. आरशात पाहून एवढंच विचारलं, "बा, आता मापात बसेन ना मी?"  बा कापोत्वेंनी त्याच्या टकलावरून नुसता हात फिरवला.

दुपारी मैदान खच्चून भरलं. माणसं झाडांवर चढली, खाणीच्या भिंतीवर चढली. ढोल घुमत होते. मला फरशीवर उभं केलं. एका बाजूला बा कापोत्वे, समोर डोळे बारीक करून दुसऱ्या टीमचे कोच बा चिसांगा. एकेक पोर जाऊ लागलं. पास, पास, पास. आणि मग मुताले आला.

काय अंग चोरलं होतं त्याने! मान खांद्यात, खांदे छातीत, पाठीला पोक. कासवच जणू. त्याची टाळू आणि माझी पट्टी यांच्यात नखभर अंतर. बा कापोत्वेंची बोटं माझ्यावर घामाने चिकट झाली होती. पोक त्यांना दिसत होतं. त्यांनी नजर आंब्याकडे वळवली. बा चिसांगांनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पास म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत, बसमधून उतरून तशीच डोक्यावर बोचकं घेऊन आलेली एक बाई गरजली, "मुताले! ताठ उभा राहा की रे. एवढ्या लांबून तुला बघायला आले मी, आणि म्हाताऱ्यासारखा पोक काढून काय उभा राहतोस?"

आईचा आवाज! तीन वर्षांनी समोरासमोर ऐकलेला! पोरगा खाडकन ताठ झाला. टक्! माझी पट्टी चांगली दोन बोटं वर उचलली गेली.

ढोल थांबले. बा चिसांगांनी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "बाना मुताले, पुढच्या वेळी तुमचं बसभाडं आमची टीम देईल." त्यांच्या बाजूची माणसं पोट धरून हसली. आमची पोरं मटकन खाली बसली.

बाईला काही कळेना. मावशीने कानात सगळं सांगितलं, तेव्हा तिचा हात तोंडावर गेला. मुताले खाली मान घालून उभा होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला वाटलं, आता ही बाई रडेल नाहीतर माफी मागेल. तिने बोचकं खाली ठेवलं, पोराजवळ गेली, हनुवटी धरून त्याची मान वर केली आणि त्याला अंगाला भिडवून उभा केला. त्याचे डोळे तिच्या डोळ्यांसमोर आले.

"मी गेले तेव्हा इथे होतास," ती छातीवर हात ठेवून म्हणाली, आणि मग तिने जी किलकारी मारली! बारशाला, लग्नाला इथल्या बायका जीभ हलवत मारतात तशी, लांबलचक. मावशीने साथ दिली, मग कडेला टोमॅटो विकणाऱ्या बायकांनी, मग चिसांगांच्या बाजूच्या बायकांनीही. माझ्या उभ्या आयुष्यात पट्टी लागल्यावर लोक हळहळलेलेच पाहिले होते. एक पोर मोठं झालं म्हणून आनंद करावा, हे आम्हा कोणाला कधी सुचलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की पानं असती तर सळसळले असते!

मुताले मात्र घरी निघाला होता. बा कापोत्वेंनी त्याला हाताला धरून ओढलं. "कुठे चाललास? मापात बसत नाहीस म्हणजे आता माझ्या बाजूचा झालास. फुकटात राबायला मला जोडीदार हवाच होता. त्या मुसोंदाकडे बघ, तुझ्या जागी उतरतोय आणि भीतीने पांढराफटक पडलाय. त्याला सांभाळ."

मला आंब्याला टेकवून ठेवलं, बाना मुतालेच्या शेजारीच. आणि काय सामना झाला म्हणता! पहिला गोल त्यांचा. मुसोंदा म्हणजे मूठभर जीव, त्याची जर्सी गुडघ्यापर्यंत. मुताले कडेकडेने त्याच्याबरोबर धावत होता, "थांब, थांब, आता आत वळ!" असं सांगत होता. आणि मुसोंदा वळला, घसरला, पडता पडता त्याचा गुडघा लागून चेंडू आत गेला! मुतालेने उडी मारली ती बा कापोत्वेंच्या पाठीवरच. शेवटी चिसांगांच्या पोरांनी आणखी एक घातला आणि आम्ही हरलो. हरलो ते हरलो, पण आमच्या पोरांनी मुसोंदाला खांद्यावर घेऊनच मैदान सोडलं.

सगळं मैदान चेंडूकडे बघत होतं. माझ्या शेजारच्या बाईची नजर मात्र एकदाही चेंडूवर गेली नाही.

आता मी बा कापोत्वेंच्या दुकानात कोपऱ्यात असते. रबर जुनं झालंय, पट्टी कुरकुरते, पण पुढच्या हंगामाची मी आतुरतेने वाट बघतेय. मुताले रोज संध्याकाळी धाकट्यांना डाव्या पायाने मारायला शिकवतो. माझं एकच मागणं आहे. एखाद्या पोराचं डोकं पट्टीला लागलं, तर त्याला बाहेर काढा, नियम तो नियम. पण आधी किलकारी मारा.

परवा सोल्वेझीच्या बसचा कंडक्टर दाढी करायला आला होता. बाना मुताले परत जाताना त्याच्याच बसमध्ये होती. तो सांगत होता, "मी तिला विचारलं, कोण जिंकलं? म्हणाली, आम्हीच की. कितीने, विचारलं, तर म्हणते, दोन बोटांनी."

बा कापोत्वेंनी वस्तरा थांबवला. "बरोबर सांगितलं तिने," ते म्हणाले.