बंदुकीच्या कोंबड्याची चौकशी

मिरजगावात चांगुणाबाईंच्या घरी आफ्रिकेचा पाहुणा उतरल्याची बातमी सकाळी पसरली आणि तो बंदुका घेऊन आलाय, ही दुपारी.

पाहुण्याचं नाव अल्बर्टो, देश मोझांबिक. चांगुणाबाईंचा मुलगा प्रशांत हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. पुण्याच्या एका प्रदर्शनात दोघांची गट्टी जमली, आणि प्रशांत त्याला सुट्टीत घरी घेऊन आला. बरोबर खोक्यात एक लोखंडी कोंबडा.

"आये, तिकडं वर्षानुवर्षं आपसात लढाई चालली," प्रशांत सांगू लागला. "ती मिटल्यावर बंदुका गोळा करून कापून टाकल्या. ह्याच्यासारखे कलाकार त्या तुकड्यांतनं असलं काही घडवतात."

चांगुणाबाईंनी कोंबडा न्याहाळला. नळीच्या तुकड्यांचे पाय, गोळ्या भरायच्या वाकड्या डब्यांची शेपटी, आणि चोचीच्या जागी बंदुकीचा घोडा.

"लई रोड हाय गं बाई! रस्सा काय व्हनार ह्याचा?"

प्रशांतनं इंग्रजीत सांगितलं तसा अल्बर्टो खो खो हसला.

संध्याकाळी पोलीस शिपाई मच्छिंद्र दारात सायकल लावून उभा राहिला. "मावशी, घरात हत्यार हाय म्हनं."

"हाय की. विळी हाय, खुरपं हाय. शिवाय ह्यो कोंबडा."

मच्छिंद्र वाकला. "ह्यो तर घोडा हाय!"

"डोळं तपासून घे. कोंबडा हाय."

"न्हाई ओ, चोच... अन् वढला तर?"

"वढून बघ. आरवला तर तुझा."

मच्छिंद्रनं टोपी सारखी केली, श्वास रोखला आणि बोटानं चोच ओढली. ती वेल्डिंगनं पक्की बसवलेली, जराही हलली नाही. तो ओशाळून हसला. मग शेपटीकडं बघत हळूच म्हणाला, "पन ह्या बंदुकीनं कुनी मेलं आसंल का?"

प्रशांतनं ते कसंबसं विचारलं. अल्बर्टोनं कोंबड्याच्या पाठीवर हात ठेवला. ही बंदूक कुणाची होती ते त्याला माहीत नव्हतं. अशीच एक मात्र त्यानं स्वतः वागवली होती. लढाईतल्या सैनिकांनी गावातून उचलून नेलं तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. कित्येक वर्षांनी घरी परतला तेव्हा आईनं ओळखलंच नाही; आधी जेवायला वाढलं, मग विचारलं, तू कुणाचा?

प्रशांतनं मराठीत सांगितलं.  चांगुणाबाई उठून आत गेल्या. भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या.

"बस रे मच्छिंद्रा, तू बी. चौकशी जेवून कर."

"साहेबांना काय सांगू पन?"

"सांग, चावत न्हाई."

अल्बर्टोनं भाकरीला ठेचा चांगला फासून मोठा घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मच्छिंद्रनं धावत तांब्या आणला.

"आत्ता गं बया, येवढा दांडगा गडी, मिरचीनं रडला!" म्हणत चांगुणाबाईंनी त्याच्या ताटात दह्याचा गोळा घातला. त्यानं नको म्हणून हात आडवा धरला. त्यांनी तो बाजूला सारून अजून एक घातला.